‘क’ आणि ‘य’ यांच्या सोळा गोष्टी

‘क’ नावाचा माणूस ‘य’च्या जमिनीवरचे झाड तोडतो. ‘य’ला विचारलेले नाही आणि झाड लांबवायचे हे आधीच ठरलेले आहे. चोरी नेमकी कधी झाली? लाकूड खांद्यावर घेतले तेव्हा, धुरा ओलांडला तेव्हा, की बाजारात विकले तेव्हा? १८६०च्या भारतीय दंड संहितेत चोरीची व्याख्या करणारे कलम आहे ३७८. त्याखाली पहिलीच गोष्ट ही आहे आणि तिचे उत्तर एका दमात दिलेले आहे: झाड जमिनीपासून सुटले त्या क्षणी. ‘क’ने ते एक पाऊलही पुढे नेलेले नसेना का.

या कलमाखाली अशा सोळा गोष्टी आहेत, बहुतेक दोन-चार ओळींच्या. कायद्याच्या पुस्तकात त्या ‘उदाहरणे’ या मथळ्याखाली बारीक टाइपात छापतात. प्रवेश परीक्षेची तयारी करणारी मुले तिथपर्यंत सहसा पोचत नाहीत, कारण त्यांच्या हातात गाइड असते आणि गाइडमध्ये व्याख्या असते, गोष्टी नसतात. माझे मत असे, की कायद्याच्या प्रवेश परीक्षेसाठी सरावाला याहून चांगले काही लिहिलेच गेलेले नाही. दुसरे कोणतेही पुस्तक घ्यायचे की नाही हे ठरवण्यासाठीही याच सोळा गोष्टी कसोटी म्हणून पुरतात.

हे लिहिताना डोळ्यांपुढे सालेकसा आहे. मुंबई–हावडा लोहमार्गावर आमगाव आणि दरेकसा यांच्या मधले हे तालुक्याचे गाव. दरेकसा मागे पडले की छत्तीसगड लागते. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्याचे हे पूर्वेचे टोक. इथल्या मुलीच्या घरात गोंडी, पोवारी, छत्तीसगडी किंवा हिंदी बोलली जाते, शाळेत मराठी असते, आणि राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या ‘क्लॅट’ या परीक्षेचा पेपर फक्त इंग्रजीत येतो. नागपूरला २०१६ पासून महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे, म्हणजे पोचायचे ठिकाण आता आवाक्यातले आहे. तिथवर नेणारी पुस्तके मात्र कुणाची तरी वापरलेली, दोन-तीन परीक्षांपूर्वीची, किंवा दुकानदाराने पुढे केली म्हणून घेतलेली असतात. शहरातल्या मुलाने चुकीचे पुस्तक घेतले तर त्याला क्लासमधले कुणीतरी सावध करते. इथे सावध करणारे जवळ नसेल तर चार-सहा महिने चुकीच्याच प्रश्नांवर खर्च होतात.

म्हणून आधी त्या गोष्टी नीट वाचू.

चोरीला पाच अटी लागतात. वस्तू जंगम हवी, ती दुसऱ्याच्या कब्जात हवी, त्याची संमती नसावी, हेतू अप्रामाणिक हवा, आणि घेण्यासाठी वस्तू हलवलेली हवी. गाइड इथे थांबते. संहिता इथून बोलायला लागते. झाडाची गोष्ट पहिल्या अटीची आहे. जमिनीत रुजलेले झाड जंगम नाही, म्हणून त्याची चोरी होऊच शकत नाही. ते तुटते आणि त्याच घावात जंगमही होते आणि हललेही जाते. दोन अटी एका कृतीत पुऱ्या होतात. पुढच्या गोष्टीत ‘क’ खिशात कुत्र्याला आवडणारे काहीतरी घेऊन ‘य’च्या कुत्र्याला मागे यायला लावतो. ‘क’ने कुत्र्याला हात लावलेला नाही. तरी कुत्रा मागे चालायला लागला की चोरी झाली. त्यापुढे खजिन्याची पेटी पाठीवर असलेला बैल येतो. ‘क’ बैलाला हाकतो, बैल चालतो, आणि चोरी मोजली जाते ती पेटीतल्या खजिन्याची. झाडाला हात लागला होता, कुत्र्याला लागला नाही, आणि खजिन्याच्या बाबतीत तर मध्ये बैल आहे. ‘हलवणे’ ही अट पायरीपायरीने माणसाच्या हातापासून किती दूर जाऊ शकते, हे तीन गोष्टींत दाखवून झाले. कुठेही स्पष्टीकरणाचे पाल्हाळ नाही. वाचणाऱ्याला पायरी आपण होऊन दिसते आणि ती दिसल्याचा आनंद होतो.

मग अंगठ्या येतात. ‘य’ राहतो त्या घरात टेबलावर त्याची अंगठी पडली आहे. ‘क’ने ती अप्रामाणिकपणे उचलली तर चोरी. लगेच पुढे, हमरस्त्यावर अंगठी पडली आहे आणि ती कुणाच्याच कब्जात नाही. ‘क’ने ती उचलली तर चोरी नाही, फार तर अपहाराचा वेगळा गुन्हा होईल. वस्तू तीच, उचलणाराही तोच. बदलली ती फक्त जागा, आणि जागेबरोबर कब्जा. ज्याला या दोन गोष्टी शेजारी शेजारी वाचून ‘मालकी’ आणि ‘कब्जा’ यांतला फरक कळला, त्याला तो जन्मभर पुन्हा शिकवावा लागत नाही. रस्त्यावरच्या अंगठीलाही मालक असणारच. पण चोरीचा कायदा मालक कोण हे विचारत नाही, ती कुणाच्या हाताखाली होती हे विचारतो.

तिसरी अंगठी मला सर्वांत आवडते. ‘क’ला ‘य’च्या घरात टेबलावर अंगठी दिसते. लगेच घेऊन जायचे धाडस होत नाही, कारण झडती होईल, पकडले जाऊ. म्हणून तो ती त्याच घरात अशा ठिकाणी दडवतो, की ‘य’ला बहुधा कधीच सापडू नये. हरवल्याचा विसर पडला की परत येऊन काढायची आणि विकायची. चोरी कधी झाली? अंगठी पहिल्यांदा हलवली तेव्हाच. अंगठी अजून ‘य’च्याच छपराखाली आहे, तरी चोरी होऊन गेली. चार ओळींत एक पूर्ण माणूस उभा राहतो: त्याची हाव, त्याची भीती, धीर धरण्याची त्याची तयारी. कथाकाराला हेवा वाटावा असा हा संक्षेप आहे. शिवाय त्यात एकही शब्द सजावटीचा नाही. भीतीचा उल्लेख आहे तो अंगठी घरातच का राहिली हे सांगण्यासाठी. विकण्याचा उल्लेख आहे तो हेतू अप्रामाणिक होता हे ठरवण्यासाठी.

या सोळांतला कळस मात्र घड्याळाच्या तीन गोष्टींत आहे. इथे ‘क’ चोरतो ते स्वतःचेच घड्याळ. पहिल्या गोष्टीत त्याने ते दुरुस्तीसाठी ‘य’ या सराफाकडे दिलेले आहे. सराफाचे काही देणे नाही. ‘क’ उघडपणे दुकानात शिरतो आणि सराफाच्या हातून घड्याळ जबरदस्तीने हिसकावून नेतो. पाहणारा म्हणेल, ही तर दिवसाढवळ्या लूट. संहिता म्हणते, अतिक्रमण झाले असेल, हल्ला झाला असेल, पण चोरी नाही. कारण त्याने जे केले ते अप्रामाणिकपणे केलेले नाही. दुसऱ्या गोष्टीत एवढेच बदलते, की दुरुस्तीचे पैसे द्यायचे राहिले आहेत आणि ते मिळेपर्यंत घड्याळ तारण म्हणून ठेवण्याचा सराफाला हक्क आहे. आता ‘क’ने ते उचलले तर चोरी. तिसऱ्यात त्याने घड्याळ गहाण टाकून पैसे घेतले आहेत आणि ते फेडण्याआधीच ते काढून नेतो. चोरी, घड्याळ त्याचे स्वतःचे असूनही.

इथे थोडे थांबावे असे मी मुलांना सांगेन. पहिल्या गोष्टीत आरडाओरडा आहे, हिसकाहिसकी आहे, आणि चोरी नाही. दुसऱ्या-तिसऱ्या गोष्टीत कदाचित कुणाला पत्ताही लागलेला नाही, वस्तू आपलीच आहे, आणि चोरी आहे. आपले मन दृश्य पाहून निवाडा देते. कायदा अटी मोजून देतो. प्रवेश परीक्षेत ‘विधी तर्क’ या नावाखाली तपासतात ते हेच: डोळ्यांपुढचे दृश्य कितीही ओरडत असले तरी तुम्ही दिलेल्या नियमाच्या अटी एकेक करून लावता की नाही. तीन घड्याळे लागोपाठ वाचली, की ही शिस्त कुणी न शिकवता अंगी यायला लागते. एकच तपशील बदलतो आणि निकाल उलटतो. मग वाचणारा आपोआप विचारू लागतो: आता काय बदलले?

शेवटाकडे संहितेचा सूर मऊ होतो. ‘क’ मित्र ‘य’च्या घरी जातो, मित्र घरात नाही, वाचायला म्हणून त्याच्या संग्रहातले पुस्तक घेऊन येतो, परत द्यायचे मनात आहे. मित्राची मूक संमती आहे असे त्याला वाटले असणे शक्य आहे. वाटले असेल तर चोरी नाही. त्यानंतर ‘क’ ‘य’च्या बायकोकडे भीक मागतो. ती पैसे, अन्न, कपडे देते, आणि ते ‘य’चे आहेत हे ‘क’ला ठाऊक आहे. तिला दानधर्म करायचा अधिकार असेल असे त्याला वाटले, तर चोरी नाही. फौजदारी कायदा मैत्रीचा आणि भिक्षेचा हिशेब असा मनात ठेवून चालतो, हे पहिल्यांदा वाचताना मला फार हलवून गेले होते. शिक्षेच्या पुस्तकात ज्यांना शिक्षा करायची नाही अशा माणसांसाठीही जागा राखलेली आहे. आणि अगदी शेवटचा ‘क’ तर वस्तू आपलीच आहे असे सद्भावाने समजून दुसऱ्याकडून घेऊन जातो. तोही चोर नाही.

या सगळ्यांना नावे नाहीत. वय नाही, जात नाही, गाव नाही, कपड्यांचा रंग नाही. ‘क’ गरीब आहे की श्रीमंत, हे त्यावर निकाल अवलंबून असेल तरच कळते, आणि ते जवळजवळ कधीच अवलंबून नसते. ही निवडक गरिबी हेच या गद्याचे सौंदर्य आहे. चांगल्या प्रश्नाची ओळखही इथेच पटते.

हे लिहिले कुणी? १८३४ साली नेमलेल्या पहिल्या विधी आयोगाचे अध्यक्ष थॉमस बॅबिंग्टन मेकॉले होते. मुंबई इलाख्यातून आलेले जॉर्ज अँडरसन सदस्यांत होते. मसुदा १८३७ मध्ये सादर झाला, तेवीस वर्षे रखडला, बार्न्स पीकॉक यांच्या हातून फिरला, ६ ऑक्टोबर १८६० रोजी कायदा झाला आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाला. उदाहरणांविषयी मसुदाकारांची भूमिका मला आजही पटते. त्यांचे म्हणणे असे, की हे निवाडेच आहेत. फरक एवढाच, की ते न्यायाधीशांनी मागाहून दिलेले नाहीत, कायदा करणाऱ्यांनी कायदा करतानाच दिलेले आहेत. मेकॉले यांच्या शिक्षणविषयक मतांवर आपल्याकडे पुष्कळ राग आहे आणि तो रास्त आहे. पण या गोष्टींमधली स्वच्छ बुद्धी नाकारू नये.

चोरीबाहेरची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण ती गोंदियाच्या मुलांना सांगायलाच हवी. कलम ९२ खाली ‘य’ला वाघ उचलून नेतो आहे. ‘क’ वाघावर गोळी झाडतो. गोळी ‘य’ला लागून तो मरू शकेल हे ‘क’ला माहीत आहे, पण मारायचा हेतू नाही, ‘य’चे भले व्हावे म्हणून सद्भावाने त्याने ती झाडली. गोळी ‘य’लाच वर्मी लागते. ‘क’ने गुन्हा केलेला नाही. डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव–नागझिरा व्याघ्रप्रकल्प झाला तो गोंदिया आणि भंडारा याच जिल्ह्यांत. पुण्या-मुंबईच्या मुलाला या गोष्टीतला वाघ पुस्तकातला वाटेल. इथल्या मुलीला तो क्षण कल्पनेत आणायला काहीच त्रास पडणार नाही. ‘संमती घ्यायला वेळ नव्हता’ या एका अटीचे वजन तिला चटकन कळेल.

आता परीक्षेकडे. ‘क्लॅट’ २००८ साली सुरू झाली. २०१९ पर्यंत तिच्यात दोनशे प्रश्न असत आणि विधी विभागात ‘तत्त्व’ आणि ‘वस्तुस्थिती’ असे दोन भाग देऊन निर्णय विचारत. हा प्रश्नप्रकार म्हणजे संहितेच्या उदाहरणांचे सरळ वंशज: वर नियम, खाली ‘क’ आणि ‘य’, आणि निवाडा मात्र तुम्ही द्यायचा. २०२० पासून साडेचारशे शब्दांच्या आसपासचे उतारे आले आणि प्रश्न दीडशे झाले; २०२४च्या प्रवेशापासून ते १२० आहेत, वेळ दोन तास, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. रूप बदलले, गाभा तोच राहिला. उताऱ्यात कुठेतरी नियम असतो, प्रश्नात नवे ‘क’ आणि ‘य’ असतात. महाराष्ट्राच्या सीईटी कक्षाची विधी सीईटी २०१६ पासून होते. तिथे उणे गुण नाहीत, इंग्रजीबरोबर मराठीतही प्रश्न वाचता येतात, आणि पूर्वीच्या दीडशे प्रश्नांऐवजी आता १२० आहेत. तत्त्व आणि वस्तुस्थितीचे प्रश्न, कायद्याचे सामान्यज्ञान, तर्क, इंग्रजी असा तिचा संसार आहे. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी थोडे गणितही.

गाइडमधला वाईट प्रश्न कसा ओळखायचा, हे त्या सोळा गोष्टी वाचलेल्या मुलीला सांगावे लागत नाही. तिला तिथे असे तपशील दिसतील ज्यांचा निकालाशी संबंध नाही. असे पर्याय दिसतील ज्यांतले दोन बरोबर ठरू शकतात आणि प्रश्नकर्त्याने आपल्या मनातला एक निवडला आहे. आणि सर्वांत वाईट म्हणजे, दिलेल्या तत्त्वातून उत्तर निघतच नाही, ते बाहेरचा कायदा माहीत असेल तरच कळते. चांगल्या प्रश्नात उत्तराला लागणारे सगळे प्रश्नातच असते; दिलेला नियम प्रत्यक्ष कायद्याहून वेगळा असला तरी दिलेलाच लावायचा असतो. पुस्तक विकत घेण्याआधी दुकानात उभे राहून विधी विभागातले पाच प्रश्न वाचावेत. पाचांपैकी दोन जरी या कसोटीला उतरले नाहीत तरी ते पुस्तक परत ठेवावे, मुखपृष्ठावर कितीही हजार प्रश्न लिहिलेले असोत.

जुन्या पुस्तकांचा आणखी एक धोका अलीकडेच निर्माण झाला आहे. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. जुनी १८६०चा ४५वा अधिनियम होती, नवी २०२३चा ४५वा. जुनीत ५११ कलमे, नवीत ३५८. चोरी ३७८ वरून ३०३ वर गेली, वाघाची गोष्ट ९२ वरून ३० वर. भारतीय पुरावा अधिनियम जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला. ज्या पुस्तकात अजून ‘आयपीसी ३७९ खाली शिक्षा’ असे चालू कायदा म्हणून दिले असेल, त्यातले कायद्याचे सामान्यज्ञान पाठ करणे म्हणजे चुकीचे पाठ करणे. तर्काचे प्रश्न मात्र त्यातलेही चालतात, कारण नियम प्रश्नातच दिलेला असतो. झाड, कुत्रा, अंगठी, घड्याळ हे सगळे नव्या संहितेतही नव्या क्रमांकाखाली आलेच आहेत. ज्याला क्रमांक न बदललेले काही हवे असेल, त्याने १८७२चा भारतीय करार अधिनियम घ्यावा. तो आजही लागू आहे आणि त्यातली उदाहरणे तेवढीच देखणी आहेत. ‘क’ला ‘ख’ची पैशांची पिशवी सापडते, तो ती परत देतो, मग ‘ख’ त्याला पन्नास रुपये द्यायचे वचन देतो. हा करार होतो. हजार रुपयांचा घोडा दहा रुपयांना विकायला ‘क’ मोकळ्या मनाने कबूल होतो. किंमत अपुरी असूनही हाही करार होतो. लिलावात सदोष घोडा विकताना ‘क’ गप्प बसतो, तर ते कपट नाही. पण घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. शेवटच्या जोडीत बापलेकीचे नाते कायद्याच्या एका वाक्यात कसे येऊन बसले आहे ते पाहावे.

उदाहरणांनंतरचा मान प्रत्यक्ष होऊन गेलेल्या प्रश्नपत्रिकांचा. अमेरिकेत १९४८ पासून ‘एलसॅट’ ही विधी प्रवेशाची परीक्षा होते. ती घेणारी संस्था जुन्या खऱ्या प्रश्नपत्रिका स्वतः उपलब्ध करून देते, आणि तिकडचे गंभीर परीक्षार्थी नकली प्रश्नांपेक्षा त्याच मागतात. तिथेही वर्ष पाहावे लागते: ऑगस्ट २०२४ पासून तिच्यातला प्रसिद्ध ‘लॉजिक गेम्स’चा विभाग काढून टाकला, तेव्हा त्यावरची पुस्तके एका दिवसात निरुपयोगी झाली. आपल्याकडे ‘क्लॅट’ घेणाऱ्या विद्यापीठांच्या संघाने जुन्या प्रश्नपत्रिका आणि नमुना संच आपल्या संकेतस्थळावर ठेवले आहेत. सालेकसात बसून ते मोबाइलवर उतरवता येतात. त्यांना पैसे पडत नाहीत. २०२० च्या आधीच्या ‘क्लॅट’ प्रश्नपत्रिका राज्याच्या सीईटीसाठी विशेष उपयोगी, कारण तत्त्व-वस्तुस्थितीचा सुटा प्रश्न त्यांत भरपूर आहे.

खऱ्या प्रश्नपत्रिकाही देवाच्या घरून येत नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या ‘क्लॅट’च्या उत्तरसूचीचा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यात आदेश द्यावे लागले. त्याआधी २०१५ साली शमनाद बशीर या कायद्याच्या अभ्यासकांनी या परीक्षेच्या कारभाराविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. वंचित घरांतली मुले विधी विद्यापीठांत पोचावीत म्हणून २०१० मध्ये ‘आयडीआयए’ ही चळवळ उभी करणारेही तेच. जुना पेपर सोडवताना अंतिम उत्तरसूची घ्यावी, पहिली कच्ची सूची घेऊ नये, एवढा धडा उत्तरसूचीच्या वादातून घ्यावा.

इंग्रजीची भीती मी हलकी मानत नाही. घरच्या आणि शाळेच्या भाषांतून वाट काढत आलेल्या मुलीला साडेचारशे शब्दांचा इंग्रजी उतारा पाहून घाम फुटणे स्वाभाविक आहे. तिच्यासाठी ही उदाहरणे दुहेरी कामाची आहेत. त्यांची इंग्रजी वाक्ये छोटी आहेत, क्रियापदे रोजची आहेत: घेतो, देतो, लपवतो, पडतो. केंद्रीय कायद्यांचे अधिकृत मराठी पाठ महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाने तयार केलेले आहेत. आधी मराठीत गोष्ट समजून घ्यावी, मग तीच इंग्रजीत वाचावी. अर्थ आधीच ठाऊक असल्यामुळे लक्ष वाक्याच्या बांधणीवर राहते. ‘जर’, ‘तरी’, ‘मात्र’, ‘नसल्यास’ या अर्थाचे छोटे इंग्रजी शब्द निकाल कसा फिरवतात ते दिसते. लांब उताऱ्यात नेमके तेच शब्द निसटतात.

आणि शेवटी, वाचून भागत नाही, रचावे लागते. सराव म्हणजे दुसऱ्यांचे प्रश्न सोडवणे एवढेच नाही. सालेकसाच्या मुलीने स्वतःचा ‘क’ आणि स्वतःचा ‘य’ तयार करावा. समजा, ‘य’च्या धानाच्या बांधीत, धुऱ्याला लागून मोहाचे झाड आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर पहाटे फुले खाली पडलेली आहेत. ‘क’ येऊन टोपलीभर वेचून नेतो. फुले आधीच गळलेली, म्हणजे जंगम. ‘य’च्या बांधीत पडलेली, म्हणजे त्याच्या कब्जात. आता एकेक तपशील बदलायला लागावे. ‘क’ने गळण्याची वाट न पाहता फांदी हलवली, तर? मग पहिल्या गोष्टीतले झाड आठवावे: फूल देठापासून सुटले तो क्षण मोजायचा. फांदी धुऱ्यापलीकडे गावाच्या रस्त्यावर झुकली आहे आणि फुले रस्त्यावर पडली आहेत, तर? आता घरातली अंगठी आणि हमरस्त्यावरची अंगठी या दोहोंत ही फुले कुणाच्या जवळ जातात, यावर वाद घालता येईल, आणि तो वाद दोघी मैत्रिणींनी खरोखर घालावा. वाटणीनंतर हे झाड आपल्या बापाच्या हिश्श्यात आले असे ‘क’ मनापासून समजून चालला आहे, तर? सोळावी गोष्ट. ‘य’च्या बायकोने ‘घेऊन जा’ म्हटले, तर? भिक्षेची गोष्ट. झाड कुणाच्या शेतात नसून जंगलात आहे आणि ‘क’ पिढ्यान्‌पिढ्या तिथे वेचत आलेल्या आदिवासी कुटुंबातला आहे, तर? मग २००६चा वनहक्क कायदा समोर येतो, जो पारंपरिकरीत्या गोळा केलेल्या गौण वनोपजावर अशा कुटुंबांची मालकी मान्य करतो, आणि ‘दुसऱ्याच्या कब्जातली वस्तू’ ही अटच डळमळते.

एका मोहाच्या झाडातून पाच प्रश्न निघाले. असे प्रश्न रचणारी मुलगी प्रश्नकर्त्याच्या बाजूला जाऊन बसलेली असते. परीक्षेच्या खोलीत पर्याय वाचताना, इथे कोणता तपशील मुद्दाम फिरवला आहे, हे तिला आतून कळते. हे कौशल्य कोणत्याही क्लासच्या पुडक्यात बांधून मिळत नाही. सालेकसाजवळच्या कचारगडच्या आणि हाजरा धबधब्याच्या परिसरात राहणाऱ्या मुलांजवळ जंगल, जमीन, हद्द, वाटणी, तेंदूपत्ता, मोहफूल यांचे जे रोजचे ज्ञान आहे ते शहरातल्या मुलाजवळ नाही, आणि भारतातल्या कायद्याचा मोठा भाग याच गोष्टींभोवती फिरतो. ते ज्ञान कमीपणाचे समजून बाजूला ठेवू नये. सरावाच्या वहीत आणावे.

भारतीय न्याय संहिता आणि करार अधिनियम हे दोन्ही कायदे केंद्र सरकारच्या ‘इंडिया कोड’ या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. या वर्षी परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे: पुस्तकांच्या दुकानात जाण्याआधी कलम ३०३ उघडा, त्याखालच्या सोळा गोष्टी वहीत उतरवून काढा, प्रत्येकीचा निकाल झाकून स्वतःचा निवाडा लिहा, आणि मग कोणते गाइड घ्यायचे ते ठरवा.